चैत्रांगण, तिसरा मजला

फेब्रुवारीत सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात त्यांचा वाटेना. पांढुरका, बारीक, आणि बोटं लाकडासारखी ताठ. पाडव्याला गुढीची गाठी बांधायला त्यांनी डाव्या हाताने तीनदा धडपड केली, मग ती माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "तिजेपासून अंगण तू काढ. तुझा तर तो धंदाच आहे."

अंगण म्हणजे चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेला परत जाते, अशी समजूत. तेवढा महिनाभर तिच्या स्वागताला दारात रोज नवी रांगोळी काढायची, आणि साधीसुधी नाही. मधे मखरात गौर, आणि तिच्याभोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, गाय-वासरू, हत्ती, कासव, नाग, फणी-करंडा, आरसा, पाळणा, समई... एकावन्न चिन्हं असतात म्हणतात. (गौरीला महिनाभर माहेर, मला वर्षातून चार दिवस मिळतात, त्यातही एक दिवस एसटीत जातो.) सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही वाईचं. तिथे शेणाने सारवलेलं खरंखुरं अंगण होतं. आम्ही पुण्यात धायरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचं अंगण म्हणजे लिफ्ट आणि चपलांचं कपाट यांच्यामधली चार फूट फरशी.

धंदा हा शब्द मात्र त्यांनी नेमका वापरला. मी सतरा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि गेलं वर्षभर त्यातला धंदाच तेवढा उरला होता. बकरी हरवलेल्या एका मुलीच्या गोष्टीचं २४ पानी पुस्तक हातात होतं. आठ महिने झाले तरी ते संपत नव्हतं. प्रकाशकांकडून नमुना म्हणून संगणकाने बनवलेली चित्रं यायची. त्यातल्या मुलीच्या एका हाताला सहा बोटं, माणदेशातल्या घराला धुराडं, बकरीच्या डोळ्यांत हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखं पाणी. सोबत एक ओळ: "असा फील हवा." मी काढून पाठवायची. उत्तर यायचं, "छान आहे, पण फील अजून येत नाहीये." मी पुन्हा काढायची. टॅबलेटवर काम करत असल्यामुळे चुकलेली रेघ एका टिचकीत मागे घेता येते. त्या वर्षी मी जेवढ्या रेघा काढल्या त्याहून जास्त मागे घेतल्या असतील. घरी यातलं काही बोलले नव्हते. काय बोलणार? फील येत नाहीये म्हणून?

तेव्हा ११ एप्रिल २०२४ ला सकाळी पावणेसहाला दारात बसले ती काही श्रद्धेने नव्हे. आईंना नाही म्हणवलं नाही, एवढंच.

गुळगुळीत फरशीवर रांगोळी सरकते आणि पांढऱ्यावर पांढरं दिसतही नाही. म्हणून नवऱ्याने कपाटाच्या कामातून उरलेली तीन बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी शोधून दिली आणि मी आदल्या रात्री तिला गेरू दिला. आई आतून प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या आणि उंबऱ्यापाशी बसल्या. मी चिमूट भरली आणि मखराची पहिली उभी रेघ ओढली. ओढली म्हणजे काय, मुंग्यांची रांग निघाली. मधेच ढीग, मधेच गेरू उघडा.

"कुठली पूड घेतलीस?"

"डब्यातली."

"ती बारीक आहे, ठिपक्यांची. ती चिमटीत अडकते. खालच्या पिशवीतली भरड घे. आणि चिमटी अशी आवळून धरू नको, मीठ घालतेस का आमटीत? अंगठ्याने नुसतं लोटायचं. बोटं हलवू नको, हात हलव."

मग कळलं की हे चित्र काढणं नव्हेच. पेन्सिल कागदाला टेकते, तिला आधार असतो. इथे हात फळीच्या दोन बोटं वर अधांतरी. जास्त वर गेला की रेघ फुगते, खाली आला की बोट लागून आधीचं पुसतं. वेग बदलला की जाडी बदलते. थांबलात की तिथे ढेकूळ. आणि मागे घ्यायची सोय नाही. फडक्याने पुसावं तर गेरूला पांढरा डाग राहतो आणि तो दिवसभर दिसतो. सतरा वर्षांचा सराव अंगठ्याच्या पेराशी येऊन संपला. सव्वासातला कंबर धरून उठले तेव्हा माझ्या पाचवीतल्या लेकीने, मनूने, मोजून सांगितलं, "एकोणीस. आणि त्यातलं हे काय आहे ते कळत नाही." तो हत्ती होता.

साडेसातला जिना झाडणाऱ्या मावशी आल्या आणि फळीचा उजवा कोपरा केरसुणीत गेला. कासव गेलं. उरलं अठरा.

पुढची अडचण वेगळीच निघाली. आईंना चिन्हांची यादी सांगता येईना. मी वही-पेन घेऊन बसले, म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते. शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र असं पंधरा-सोळापर्यंत भराभर आलं आणि मग गाडी अडली. त्या वैतागल्या. "अगं, पन्नास वर्षं काढतेय मी. विसरेन कशी?" विसरल्या नव्हत्याच. जरा वेळाने बघते तर त्यांचा तो ताठ हात मांडीवरच्या मांडीवर हलत होता, आणि त्या पुटपुटत होत्या, "पद्म झालं की हात असा खाली येतो... खाली येतो तो... बेलाचं पान! मग असा वळला की नाग."

मग आम्ही वही ठेवून दिली. रोज सकाळी त्या खुर्चीत बसून हवेत हात फिरवायच्या आणि मी त्यांच्या हाताखालून फळीवर रेघ ओढायची. गोल फिरवला तर मी विचारायची, "आरसा?" "नाही, आरशाला दांडी असते. हा उंबर." असं करत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी यादी एक्केचाळीसपर्यंत गेली. मनूने फ्रिजवर आकडा लिहायला सुरुवात केली, क्रिकेटच्या धावफलकासारखा. वाईला आईंच्या धाकट्या बहिणीला फोन करून विचारलं तर तिच्या यादीत जातं होतं, आमच्यात नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या काकू म्हणाल्या, त्यांच्यात रामाची पावलं असतात आणि नाग काढायचा तर सोबत नागीणही हवीच. एकावन्न हा आकडा सगळ्यांचा सारखा, पण दोन बायकांची यादी काही जुळत नाही.

रोज उठून बसण्यात रम्य असं काही नव्हतं, हेही सांगते. गुडघे दुखायचे. एप्रिलचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या आसपास, रात्री झोप नाही आणि पहाटे गजर. लिफ्टचं दार उघडलं की वाऱ्याने चंद्राची कोर उडायची. सामान पोचवणारा एक मुलगा बिचारा रांगोळीला पाय लागू नये म्हणून एका पायावर उभा राहिला आणि पार्सल नेमकं गौरीवर ठेवून गेला. शिवाय मनात एक हिशेब चालूच असे: घरात तीन मोठी माणसं, आणि गजर फक्त माझाच का वाजतो? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला कुठे येतं काढायला?" मला तरी कुठे येत होतं! त्या दिवसापासून गेरू देणं आणि फळी पुसणं त्याच्याकडे गेलं. पुसताना आईंचा नियम असा की केरसुणी लावायची नाही, कोरड्या फडक्याने गोळा करून पूड डब्यात ठेवायची, पुन्हा वापरायची. गेरू मिसळून मिसळून महिनाअखेर ती पूड फिकट गुलाबी झाली होती.

नवव्या की दहाव्या दिवशी भांडण झालं. गायीवरून. आईंनी मला शिंग तीनदा पुसायला लावलं. "जरा आत घे." घेतलं. "आता कान खाली गेला." केला वर. "आता ती म्हैस दिसते." मी पूड फळीवर टाकली आणि म्हणाले, "अहो आई, माझ्या कामात मला कुणी असं सांगत नाही."

म्हटलं आणि गप्प झाले, कारण ते धादांत खोटं होतं. माझ्या कामात मला आठ महिने सांगतच होते की. फरक एवढाच होता की तिथे कुणी शिंगाबद्दल बोलत नव्हतं. आईंना गाय ठाऊक होती. वाईच्या घरी त्यांनी तिचं शेण काढलंय, धार काढलीय. शिंग कानाच्या किती वर निघतं हे त्या डोळे मिटून सांगू शकत होत्या, आणि त्यांना माझ्याकडून फील नको होता, गाय हवी होती. मी चौथ्यांदा शिंग काढलं. त्या म्हणाल्या, "हां." बस, एवढंच. वर्षभरात कुणी माझ्या रेघेला हां म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. आईंनी ते पाहिलं असणार, पण तसं दाखवलं नाही. फक्त चहात साखर जास्त पडली.

त्याच आठवड्यात मशीन निघालं. त्यांचा हात फळीच्या खालच्या कोपऱ्याकडे आला, एक आडवी कमान, मग खाली मोठं चाक, मग पावटीसारखं काहीतरी. मी रथ म्हटलं, चरखा म्हटलं.

"मशीन. शिवणाचं."

"चैत्रांगणात?"

"१९७८ साली घेतलं. त्या वर्षीपासून काढते. फणी-करंडा चालतो, आरसा चालतो, मग मशीन का नको?"

गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज आणि बाळांची झबली शिवून त्यांनी त्या मशीनवर सव्वीस वर्षं घर चालवलं. सासऱ्यांची नोकरी कधी असायची, कधी नसायची. हे मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं, पण गौरीच्या आसपास, शंख-चक्राच्या रांगेत त्या चाकाची जागा ठरलेली आहे हे पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. दरवर्षी तयार रांगोळीवरून उडी मारून मी कामाला बसत होते ना! नवरा आतून म्हणाला, "त्यात काय एवढं? मला तर वाटायचं सगळ्यांच्याच चैत्रांगणात मशीन असतं. तिसरीत बाईंनी फळ्यावर काढलं तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं, मशीन राहिलं म्हणून."

मनूने ताबडतोब याचा फायदा घेतला. तिला टँकर काढायचा होता. आमच्या सोसायटीत मार्चपासून रोज टँकर येतो, आणि तो आला की नाही यावर आमच्या सकाळचा मूड ठरतो. आईंनी गंभीरपणे विचार केला. "पाणी आणतो ना? काढ. पण गायीच्या शेजारी नको, शिंगं लागतील." तिने तुळशीखाली काढला. चौकोनी, चार चाकं, मागे नळ, नळाखाली तीन थेंब. मला तो हेवा वाटावा इतका चांगला जमला होता. तिला मोजमाप नव्हतं, भीती नव्हती आणि टँकर पाठ होता.

तिसऱ्या शुक्रवारी, २६ एप्रिलला, हळदीकुंकू केलं. अन्नपूर्णेची पितळी मूर्ती चिमुकल्या झोपाळ्यात, आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. कैऱ्या किसण्याचं काम नवऱ्याकडे होतं आणि त्याने डाळीत मिरची बेताने घालायला हवी होती. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आईंनी स्वतः हळदीकुंकू केलं नव्हतं. चैत्रांगण मात्र एक वर्ष चुकवलं नव्हतं. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की सगळ्या बायकांसमोर पहिलं कुंकू त्यांनाच लावायचं. त्यासाठी दोन वाक्यंही जुळवली होती. प्रत्यक्षात मी करंडा घेऊन त्यांच्यापुढे गेले तर त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला केला आणि म्हणाल्या, "ते राहू दे. मला ती डाळ दे अजून थोडी, छान झालीय." बायका हसल्या, माझी वाक्यं तशीच राहिली. रात्री विचारलं, वाईट वाटलं का? "कशाचं? मला कुंकू आवडायचंच नाही गं, कपाळाला खाज सुटायची." हे खरं की माझी समजूत काढायला बोललेलं, अजून ठरत नाही. पण मला त्यांच्यासाठी जे करायचं होतं ते माझ्या चित्रासाठी होतं, त्यांना काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं, एवढं खरं. म्हणजे मीही फीलच मागत होते.

त्यानंतर बकरी काढायला बसले. टॅबलेट बंद करून, जाड कागद, ब्रश आणि काळी शाई. आधी दोन दिवस नुसत्या बकऱ्या बघितल्या. धायरीवरून खडकवासल्याकडे जाताना रस्त्याकडेला कळप असतात. मनूला घेऊन गेले आणि रिक्षाच्या सावलीत बसून स्केचबुक भरलं. बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, चपट्या फटीसारखी. हे मला माहीत होतं. तरी आठ महिने मी गोल बाहुली काढत होते, कारण नमुन्यात गोल होती. आडवी काढल्यावर ती गोड दिसेना. पण बकरी दिसायला लागली. गोष्टीतली मुलगी तिला का शोधतेय हेही तेव्हा नव्याने कळलं. ती बकरी गोड आहे म्हणून नव्हे, ती तिच्या घरचं दूध आहे म्हणून. त्या चित्रात मुलीच्या हातात मी फुलांऐवजी रिकामं भांडं दिलं.

तीन चित्रं पाठवली आणि संपादकांना फोन केला. पहिल्यांदाच स्पष्ट म्हटलं, "फील सांगू नका. कुठला हात, कुठलं पान, काय खटकतंय ते सांगा." त्यांनी खरंच सांगायचा प्रयत्न केला, माणूस वाईट नाही. दोन सूचना चांगल्या होत्या, त्या मी घेतल्या. चार दिवसांनी निरोप आला की ही तीन ठेवू, पण एवढ्या वेगाने बाकीची नऊ होणार नाहीत, ती मशीनवर करून घेऊ, तुम्ही फक्त हात फिरवून द्या. मशीन हा शब्द ऐकून मला भलतंच चाक डोळ्यांसमोर आलं आणि हसू आलं. मग मी पुस्तक सोडलं. चित्रं परत मागितली. त्यांचे पैसे मिळाले नाहीत. यात शौर्य काही नाही. घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो म्हणून मला ते परवडलं. तो रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता आणि काही बोलला नाही, हे मला बोलण्याहून जड गेलं. जूनपर्यंत खर्च कसा बसवायचा हे आम्ही दुसऱ्या दिवशी, फळीला गेरू देता देता ठरवलं. मनूचा चित्रकलेचा क्लास बंद केला. ती म्हणाली, बरं झालं, तिथे टँकर काढू देत नाहीत.

आईंच्या बोटांना डॉक्टरांनी कणीक मळायचा व्यायाम दिला होता. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्या खुर्चीवरून उतरून माझ्या शेजारी बसल्या, पूड घेतली आणि मशीनचं चाक काढू लागल्या. अर्धं काढलं. रेघ थरथरत, तुटत गेली. त्यांनी ती बघितली, लगेच फडकं घेतलं आणि पुसली. "तू काढ." मी काढलं. पण डाग राहिला होता, आणि माझं चाक त्या डागावरच बसलं.

१० मेला अक्षय्य तृतीया. शेवटचं अंगण. मला आता दीड तासाऐवजी चाळीस मिनिटं लागत होती आणि हत्ती हत्ती दिसत होता. मनूने मोजलं तर टँकर धरून ४९ भरली. उरलेली दोन कुठली यावर आजी-नातीचं वाजलं. आजीचं म्हणणं, गौरी दोन असतात, एक मोजलीस तू. मनूचं म्हणणं, गाय-वासरू एकच धरायचं की दोन हे आधी ठरवा. संध्याकाळी श्रीखंड-पुरी झाली आणि नवऱ्याने फळी पुसून जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभी केली.

दुसऱ्या दिवशी गजर नव्हता तरी पावणेसहाला जाग आली. चहा घेऊन दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले. फळी होती तिथे फरशीवर गेरूची एक लाल चौकट उमटली होती. महिनाभर पुसूनही राहिलेली. साडेसातला मावशी वरून झाडत आल्या. पहिल्या दिवशी कासव गेल्यापासून त्या फळीभोवती वीतभर जागा सोडून झाडायच्या. आज त्या थबकल्या.

"आज नाही काढली?"

"महिना संपला, मावशी."

"मग झाडू ना इथं?"

"झाडा."

मी पाय वर घेतले.